रंगरुटाची वही

पुस्तकांची परीक्षणे या पानांवर नेहमी येतात. आज एका वहीचे परीक्षण करायचे आहे. ती छापलेली नाही, तिला किंमत नाही, आणि ती कोणत्याही दुकानात मिळणार नाही. लष्कराच्या तांत्रिक शाखेत नव्याने भरती झालेल्या एका मुलाने प्रशिक्षणशाळेत स्वतःच्या हाताने लिहिलेली ही दोनशे पानी वही आहे.

मुलगा माझ्या चुलतभावाचा. आमचे गाव ईट, तालुका भूम, जिल्हा धाराशिव, म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद. पाऊस बेभरवशाचा, शेती कोरडवाहू, जोडीला दूध आणि खवा. पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर उभे राहिले तर अंधारात आधी पावलांचा आवाज येतो आणि मग धावणारी मुले दिसतात. सोळाशे मीटरची वेळ कमी करणे हे त्यांचे त्या काळातले एकमेव गणित असते. माझा पुतण्या त्यांच्यातलाच. बारावी शास्त्र झाला, भरती झाला, आणि पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा त्याने ही वही माझ्यापुढे ठेवली.

"काका, तुम्ही संशोधक. बघा बरं, आम्हाला काय शिकवतेत ते."

वहीत गोपनीय काही नव्हते. कानस कशी धरावी, सूक्ष्ममापी कसा वाचावा, बोल्ट कसा आवळावा, तार कशी डाखावी, असा कोणत्याही फिटरच्या वा वायरमनच्या पुस्तकात सापडेल असाच मजकूर होता. शाळा कोणती ते सांगण्याचे कारण नाही, कारण माझी टीका एका शाळेवर नाही. पण दोन रात्री ती वही वाचल्यावर मला जे वाटले ते शिक्षकांपुढे मांडावेसे वाटते.

ही मुले जातात कुठे?

नौदलात गेलेला मुलगा ओडिशातल्या आयएनएस चिल्कावर प्राथमिक प्रशिक्षण घेतो. पुढे यंत्रांकडे गेला तर लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर, विजेकडे गेला तर जामनगरच्या आयएनएस वलसुरावर पोहोचतो. शिवाजी १९४५ पासून आणि वलसुरा १९४२ पासून हेच काम करीत आले आहेत. हवाई दलाचा मुलगा बेळगावजवळच्या सांबऱ्याला जातो. भूदलातला सॅपर खडकीला बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये, तर वाहने आणि उपकरणे दुरुस्त करणारा ईएमईच्या सिकंदराबाद किंवा भोपाळच्या केंद्रात जातो.

१४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. तिच्यात नोकरी चार वर्षांची ठरली आणि त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवानांना कायम करण्याचे ठरले. भूदलाच्या तांत्रिक गटासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि इंग्रजी हे विषय, एकूण पन्नास टक्के आणि प्रत्येक विषयात चाळीस टक्के गुण, अशी अट घातली गेली. भूदलात २०२३ पासून लेखी परीक्षा आधी आणि धाव नंतर असा क्रम झाला. म्हणजे भरतीच्या रांगेत आता मैदानावरच्या उस्तादाच्या आधी शास्त्राचा शिक्षक उभा आहे. म्हणून या वहीशी आपला संबंध आहे.

वहीची डावी बाजू

वहीच्या प्रत्येक पानावर पट्टीने दोन रकाने आखलेले आहेत. डावीकडे 'क्रिया', उजवीकडे 'काळजी'. आधी डाव्या रकान्याचे कौतुक करू, कारण ते मनापासून करण्यासारखे आहे.

पहिला धडा कानशीचा. पोलादाचा ओबडधोबड तुकडा शेगड्यात धरायचा आणि कानशीने घासून त्याची सहाही अंगे सपाट व एकमेकांना काटकोनात आणायची. तपासायचे कसे? गुण्या तुकड्याला लावायचा आणि उजेडाकडे धरायचा. केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक फट असली तरी तिच्यातून उजेड दिसतो. पुतण्याने या एका तुकड्यावर कित्येक दिवस घालवले. हाताला फोड आले. तुकडा दोनदा नापास झाला, कारण एका बाजूचा उंचवटा काढताना दुसरी बाजू मापाखाली गेली.

हे वाचताना मला माझी अकरावी-बारावीची प्रयोगवही आठवली. साध्या लंबकावरून गुरुत्वत्वरण काढायचा प्रयोग. उत्तर ९८० च्या आसपास यायला हवे हे आम्हाला ठाऊक असे, म्हणून आम्ही उत्तरावरून उलटे गणित करून दोलनाचे काल लिहीत असू. याला आम्ही 'निरीक्षणे बसवणे' म्हणत असू. मी ती बसवली, माझ्या मित्रांनी बसवली, आणि आम्हा सर्वांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. ही गोष्ट संशोधक म्हणून सांगायला लाज वाटते, पण सांगितली पाहिजे. आजही बारावीच्या भौतिकशास्त्राच्या शंभर गुणांपैकी तीस प्रात्यक्षिकाचे असतात आणि त्यांतले किती मोजून मिळतात व किती बसवून, हे आपण शिक्षकांनी आपापल्या मनाशी विचारावे.

कानशीच्या तुकड्यापुढे बसवाबसवी चालत नाही. गुण्याखालून उजेड आला की आला.

दुसरा चांगला धडा हत्यारांच्या फळीचा. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याची, पकडीची बाह्याकृती रंगवलेली असते. काम संपल्यावर हत्यार जागेवर गेले नाही तर ती आकृती रिकामी दिसते आणि हत्यार सापडेपर्यंत कोणी हलत नाही. विसरलेला एक पाना विमानाच्या इंजिनात काय करील याची कल्पना कोणालाही येईल. शून्य त्रुटी आधी पाहा, माप तीन वेळा घ्या, लिहिलेले खोडू नका, एक रेघ मारून शेजारी नवे लिहा, या सूचनाही वहीत आहेत. माझ्या प्रयोगशाळेत पीएच.डी.ला येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगतो आणि त्यांतल्या अनेकांनी ते आधी कधी ऐकलेले नसते.

मोजण्याचा हा हट्ट फाजील नाही. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाकडे निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची वैमानिकापुढची काच सुमारे सतरा हजार फुटांवर निखळून गेली. कप्तान अर्धाअधिक बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान उतरवले, आणि सुदैवाने सगळे वाचले. ती काच आदल्याच दिवसाच्या पहाटे नवी बसवली होती. चौकशीत आढळले की नव्वद बोल्टांपैकी चौऱ्याऐंशी बोल्टांचा व्यास हवा त्याहून सुमारे ०.६६ मिलिमीटर कमी होता. उरलेल्या सहांचा व्यास बरोबर होता, पण लांबी अपुरी होती. बसवणारा माणूस अनुभवी होता. त्याने जुना बोल्ट हातात धरून नवे बोल्ट नजरेने जुळवले होते. शून्य पूर्णांक सहासष्ट शतांश मिलिमीटर! आपल्या वर्गातल्या साध्या व्हर्निअरवरही हा फरक सहा भाग दाखवतो.

उजवी बाजू

आता उजव्या रकान्याकडे वळू. माझी तक्रार इथे सुरू होते.

कानशीच्या धड्यात 'काळजी' या रकान्यात लिहिले आहे: 'माप घेण्यापूर्वी जॉब थंड होऊ द्या.' का? ते लिहिलेले नाही. पुतण्याला विचारले. तो म्हणाला, "हात भाजतो म्हणून असंल." मग आम्ही दोघांनी कागद घेतला. पोलादाचा प्रसरणांक दर अंशाला सुमारे दहा लाखांत बारा. पन्नास मिलिमीटरचा तुकडा घासून तीस अंशांनी तापला तर तो सुमारे ०.०१८ मिलिमीटरने वाढतो. सूक्ष्ममापीचे लघुतम माप ०.०१ मिलिमीटर. म्हणजे जवळजवळ दोन भागांची चूक. गरम असताना बरोबर भरलेला तुकडा थंड झाल्यावर मापाखाली जाणार!

यातून पुढचा प्रश्न त्यानेच काढला. "मग काका, आपल्याकडं उन्हाळ्यात चाळीस अंश असतंय. तेव्हा सगळीच मापं चुकत असतील की." प्रश्न सुरेख आहे. लांबीच्या मापांसाठी जगभर वीस अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान मानतात. पण चाळीस अंशांत तुकडाही पोलादाचा आणि सूक्ष्ममापीही पोलादाचा, म्हणून दोन्ही सारखेच वाढतात आणि चूक जवळपास फिटते. तुकडा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर मात्र फिटत नाही. त्याचा प्रसरणांक जवळपास दुप्पट असल्याने पन्नास मिलिमीटरला ०.०११ मिलिमीटरचा फरक राहतो. हे सारे गणित त्याला येत होते. बारावीत त्याने प्रसरणांकाची कितीतरी उदाहरणे सोडवली होती, पण ती रेल्वेच्या रुळांची. तो प्रसरणांक आपल्या हातातल्या तुकड्याचाही आहे, हे ना शाळेने सांगितले ना लष्कराने.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, मोजून बोल्ट आवळण्याचा पाना असतो. वहीत कोणत्या बोल्टाला किती टॉर्क याचा तक्ता आहे आणि 'काळजी' या रकान्यात 'आटे कोरडे व स्वच्छ ठेवा' एवढेच आहे. बोल्ट आवळतो म्हणजे आपण त्याला स्प्रिंगसारखे किंचित ताणतो. तो ताण दोन भागांना धरून ठेवतो. गंमत अशी की लावलेल्या टॉर्कपैकी साधारण नव्वद टक्के आट्यांतल्या आणि डोक्याखालच्या घर्षणात जातो. ताणासाठी उरतो जेमतेम दहा टक्के. दहा मिलिमीटर व्यासाचा कोरडा बोल्ट पन्नास न्यूटन-मीटरने आवळला तर त्यात सुमारे २५,००० न्यूटन ताण येतो, म्हणजे अडीच टन वजन टांगल्याइतका. आता कोणी चांगल्या हेतूने आट्यांना तेल लावले आणि पाना तेच पन्नास दाखवू लागला, तर घर्षण कमी झाल्यामुळे ताण ३३,००० न्यूटनांच्या घरात जाऊ शकतो. पाना खरे बोलतो, तक्ता पाळला जातो, आणि बोल्ट तुटतो.

ज्याला कारण ठाऊक आहे त्याला तेलाचा डाग दिसताच थांबावेसे वाटेल. ज्याला फक्त आकडा ठाऊक आहे तो पाना 'टक' वाजेपर्यंत ओढील.

तिसरे उदाहरण रोधांच्या रंगांचे. काळा, तपकिरी, लाल, नारिंगी या क्रमासाठी 'बी. बी. रॉय ऑफ ग्रेट ब्रिटन' हे सूत्र पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले जाते. पुतण्याला ते झोपेतही येते. मी विचारले, "बाजारात ४७ ओहमचा रोध सहज मिळतो, ५० चा का नाही?" तो गप्प. दहा टक्के अचूकतेच्या रोधांची माळ १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२ अशी असते. प्रत्येक संख्या मागच्या संख्येच्या सुमारे एक पूर्णांक एकवीस शतांश पट, म्हणजे भूमितीश्रेढी. सत्तेचाळीसचा रोध प्रत्यक्षात ४२.३ ते ५१.७ असू शकतो आणि छप्पन्नचा ५०.४ ते ६१.६. दोन्ही पल्ले एकमेकांना भिडतात, मधे जागाच उरत नाही. मग पन्नासचा वेगळा रोध कशाला? अकरावीच्या गणितातली श्रेढी ही अशी दुकानातल्या खोक्यात पडलेली असते.

लष्कराचा बचाव आणि त्याचे उत्तर

यावर कोणी म्हणेल की लष्कराला वेळ थोडा असतो, मुले हजारोंनी येतात, आणि रणांगणावर प्रत्येकजण 'का' विचारत बसला तर काम व्हायचे कसे? या म्हणण्यात तथ्य आहे. हुकूम पाळण्याची सवय कवायतीच्या मैदानावर लागते आणि ती लागायलाच हवी. शिकवण्याची ही पद्धतही विचार करून घडवलेली आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेला घाईने जहाजे बांधायची होती. तेव्हा चार्ल्स अ‍ॅलन यांनी नवख्या कामगारांसाठी चार पायऱ्या सांगितल्या: शिकणाऱ्याची तयारी करा, काम दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या, तपासा. दुसऱ्या महायुद्धात याच पायऱ्यांवर फार मोठ्या संख्येने कामगार तयार झाले आणि युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये गेली. टोयोटासारख्या कारखान्यांतल्या प्रशिक्षणाच्या तक्त्यात मात्र तीन रकाने असतात: मुख्य पायरी, महत्त्वाचा मुद्दा, आणि त्या मुद्द्याचे कारण.

आमच्या वहीत नेमका हा तिसरा रकाना नाही. तो भरायला वेळ किती लागतो? 'थंड होऊ द्या, कारण गरम तुकडा मोठा भरतो.' एवढेच तर लिहायचे.

शिवाय तंत्रज्ञाचे खरे काम हुकमाबाहेरचे असते. यंत्र बिघडते तेव्हा काय बिघडले ते सांगणारा हुकूम कोणी देत नाही. वहीत बिघाडांचा तक्ता आहे: लक्षण, कारण, उपाय. तक्त्यात नसलेला बिघाड आला तर? बिघाड शोधणे हा खरा प्रयोग आहे. अंदाज बांधायचा, तो खोटा ठरवू शकेल अशी चाचणी घ्यायची, आणि उरलेल्या शक्यता कमी करायच्या. आठ टप्प्यांच्या यंत्रणेत एकेक टप्पा तपासत गेले तर सात चाचण्याही लागू शकतात. मधोमध तपासले, आणि दोष असलेला अर्धा भाग पुन्हा मधोमध तपासला, तर तीन पुरतात. एक हजार चोवीस टप्प्यांना दहा. ही अर्ध्यावर तोडण्याची रीत तंत्रज्ञांना जगभर ठाऊक आहे, पण वहीत ती शेवटच्या पानांत दोन ओळींत उरकली आहे.

आणखी एक गोष्ट वहीत नाही, ती पुतण्याने सांगितली. हातून वॉशर खाली पडला तर मुले सांगत नाहीत, कारण सांगितले की सर्वांना शिक्षा. इथे कवायतीचे मैदान कार्यशाळेत शिरते आणि घात करते. अमेरिकेत १९७६ पासून नासा एक व्यवस्था चालवते. तिच्यात वैमानिक, तंत्रज्ञ आपली चूक नाव गुप्त राखून कळवू शकतात. चूक लपली तर ती यंत्रात राहते, हे तिच्यामागचे साधे तत्त्व आहे. चूक सांगणाऱ्याला शाबासकी देणारा उस्ताद शंभर तक्त्यांपेक्षा मोलाचा.

गावी काय परत येते?

हे सर्व मी इतक्या पोटतिडकीने का लिहितो? अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला दाखल झाल्या. त्यांच्या चार वर्षांचा हिशेब २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ च्या सुरुवातीला पुरा होतो. मूळ प्रमाण धरले तर चारांतले तीन परत येणार. काही रक्कम हाती असेल, एक प्रमाणपत्र असेल. पण ज्या यंत्रावर त्यांनी हात बसवला ते यंत्र ईटमध्ये नाही. इथे विहिरीतली मोटार आहे, तिचा स्टार्टर आहे, दूध थंड करण्याचे यंत्र आहे, खव्याची भट्टी आहे.

केवळ 'क्रिया' शिकलेल्या मुलाचे ज्ञान त्या यंत्रापाशीच राहते. 'कारण' शिकलेल्याचे त्याच्याबरोबर गावी येते. मोटार बंद पडली की तो आधी कपॅसिटर बदलून पाहणार नाही. वीज, फ्यूज, स्टार्टर, केबल, मोटार ही साखळी तो मधोमध तोडून तपासील.

मात्र हा दोष एकट्या लष्कराच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. वहीत कृती आहे पण कारण नाही. आपल्या पाठ्यपुस्तकात कारण आहे पण कृती नाही. एकाच पुस्तकाची पाने मधून फाडून अर्धी शाळेला आणि अर्धी छावणीला वाटली आहेत, आणि आमच्या मुलाला कोणीच सबंध पुस्तक दिलेले नाही.

आपल्या बाजूने आपण तीन गोष्टी करू शकतो. पहिली, व्हर्निअर कपाटातून बाहेर काढा आणि गावातल्या मोटार दुरुस्तीच्या दुकानातून आणलेले पाच जुने बोल्ट मुलांना मोजायला द्या. आधी नजरेने क्रम लावायला सांगा, मग मोजून. १९९० ची ती काच वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. दुसरी, दिवाळीच्या चौसष्ट दिव्यांची एकसर जोडणीची जुनी माळ घ्या, वीजपुरवठ्यापासून पूर्ण वेगळी करा, एक दिवा निकामी करून ठेवा, आणि घंटी व सेल यांच्या साध्या परीक्षकाने सहा चाचण्यांत तो शोधायला सांगा. तिसरी सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत अवघड. प्रात्यक्षिकात ज्याचे गुरुत्वत्वरण ९४० आले आणि ज्याने ते तसेच लिहून चूक कुठे झाली असावी याचा शोध घेतला, त्याला ९८० बसवणाऱ्यापेक्षा जास्त गुण द्या.

पुतण्या परत गेला त्या सकाळी वही आवरत होता. सहज पाहिले, तर 'क्रिया' आणि 'काळजी' यांच्या उजवीकडे, समासात, त्याने पेन्सिलीने एक उभी रेघ ओढली होती. वर लिहिले होते, 'का'. खाली तीन-चार जागा भरलेल्या होत्या. बाकी पाने कोरी होती.

मी म्हटले, "उस्ताद रागावले तर?"

"पेन्सिलीनं लिहिलंय काका," तो म्हणाला, "पण खोडणार नाही."